शेंदराची रेघ तुटली नव्हती

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं. जिवंत असते तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुम्ही अर्ध्यातच उठून तंबाखू मळत ओट्यावर जाऊन बसले असते. तरी लिहिते आहे. माझी अक्षरं चौथीची आहेत. वय वाढलं, अक्षरं तिथेच राहिली.

नात बंदूक चालवते. दचकू नका, छर्ऱ्याची आहे. आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरातून कोणी वाघ मारायला निघालेलं नाही. क्लबात जाऊन कागदावर नेम धरायचा, असा खेळ आहे तो. तिच्या बंदुकीवर दुर्बीण आहे, तुमच्या त्या ठेकेदार गिऱ्हाइकाच्या रायफलीवर होती तशी. तुम्ही ज्याला निशाण बसवणं म्हणायचे, त्याला ही पोरं झिरो म्हणतात. दुर्बिणीतली फुली जिथे दिसते, छर्रा तिथेच लागला पाहिजे, एवढंच. तर हिची फुली एकीकडे आणि छर्रा दुसरीकडे. आज जुळवावं, तर उद्या पुन्हा सरकलेलं. रविवारी क्लबाच्या संघाची निवड होती. बुधवारी ती घरी आली, बंदूक दिवाणाखाली ढकलली आणि म्हणाली, "आजी, माझा डोळाच बेकार आहे. मी नाही जात आता." हे वाक्य मी अगोदर एकदा ऐकलेलं होतं. म्हणून म्हटलं, "काढ वं ते बाहेर. डोळ्याचं मग पाहू."

तुमची रीत मला अजून पाठ आहे. पाढे विसरले, ती नाही विसरले. बर्डीच्या बाजारातल्या बंदुकीच्या दुकानात तुम्ही मिस्त्री होते, आणि दुरुस्त केलेली रायफल गावाबाहेरच्या, दगड फोडायच्या गिट्टीच्या खदानीत नेऊन तपासायचे. मला भाऊ नव्हता, म्हणून मला न्यायचे. माझं काम पळत जाऊन कागदावर भोक कुठे पडलं ते सांगायचं. एकदा गोळी डावीकडे गेली म्हणून मी शहाणपणा करून दुर्बिणीची चकती फिरवायला गेले, तर तुम्ही हातावर फटका दिला. "गोळीच्या मागं धावू नको पोरी. ते आज इकडं जाईन, उद्या तिकडं. तीन मार, कशाले हात लावू नको, मंग पाह्य." आणि पाहायचं ते खालून वर. आधी लाकडी दस्त्याचे स्क्रू, मग दुर्बिणीखालची पट्टी, मग तिला धरणाऱ्या कड्या. काच, म्हणजे दुर्बीण, सगळ्यात शेवटी. सगळं आवळून झालं की काडीने शेंदूर घ्यायचे, तेलात कालवलेला, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर एक बारीक रेघ ओढायचे. स्क्रू केसभर फिरला तरी रेघ तुटते. गिऱ्हाइकांना वाटायचं मिस्त्रीने मारुतीचा शेंदूर लावला, शिकार मिळेल. कोणी कोणी बंदुकीच्या पाया पडायचे. मी हसले की तुम्ही म्हणायचे, "पडू दे त्याईले. आपुन रेघ पाह्याची."

ठेकेदाराच्या रायफलीचा दिवस मी आजही डोळ्यांपुढे आणते. ऊन आहे, खदानीत गिट्टीची धूळ आहे. वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून तुम्ही पालथे पडला आहात, म्हणजे हात थरथरण्याचा प्रश्नच नाही. दुकानाचे मालक छत्री घेऊन मागे उभे. तुम्ही तीन मारता, मी पळते. एक भोक वर, एक कागदाच्या कडेला, तिसरं कुठेच नाही. पुन्हा तीन. पुन्हा तसंच. तुम्ही विचारता, "रेघा?" मी वाकून एकेक स्क्रू पाहते. "साऱ्या साबूत हायेत, बाबा." मालक छत्रीखालून म्हणतात, "विलायती दुर्बीण आहे मिस्त्री. तिकडून तपासून येते. ती कशी बिघडेल?" तुम्ही दुपट्ट्याने डोळे पुसता, बराच वेळ पुसता, आणि मग म्हणता, "मंग माहाच डोळा गेला."

घरी आल्यावर तुम्ही स्क्रू आवळायचा तुमचा पेचकस माझ्या हातात दिला. "ठेव," एवढंच म्हणाले. तुम्ही मला दिलेली ती एकच वस्तू. लग्नात भांडी आईने दिली होती.

त्यानंतर तुम्ही बंदुकीला हात लावला नाही. स्वयंपाकघरात आईजवळ बसून तांदूळ निवडायला लागले. आई बोलायची, "बसा आता माह्या हाताखाली. पण इथं पगार नाही भेटत." तुम्ही ताट मांडीवर घ्यायचे आणि निवडत राहायचे. तुम्ही जाईपर्यंत आमच्या घरात कोणाच्या दाताखाली खडा आला नाही. कोणी म्हटलं नाही की ज्याचा डोळा गेला, त्याला खडा कसा दिसतो. आईला घरात माणूस मिळालं, माझं उन्हात पळणं सुटलं. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

तर गुरुवारी मी पोरीबरोबर क्लबात गेले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि तुमचा पेचकस काढला, तर आजकालच्या स्क्रूला षटकोनी भोक असतं. तुमचा पेचकस तिथे काय करणार? पोरगी हसली. तिच्या चावीने आम्ही खालून वर सगळं आवळलं. शेंदूर नव्हता, तिच्या पर्समधली लाल नेलपॉलिश होती. रेघा ओढल्या, वाळू दिल्या. तिने तीन मारले, पुन्हा तीन मारले. छर्रे कागदभर हिंडले. तिने वाकून स्क्रू पाहिले आणि मान वर केली, तेव्हा तोंड हुबेहूब तुमचं. "पाह्यलं ना आजी? रेघा तर साबूत आहेत."

बाबा, तुम्ही शिकवलेलं तिथेच संपत होतं.

तिला शिकवणारे सर आले. त्यांनी काही विचारलं नाही, स्वतःच्या बंदुकीवरची दुर्बीण काढून हिच्या बंदुकीवर चढवली, जुळवली आणि म्हणाले, "मार." तिने मारले. सगळे सुपारीएवढ्या जागेत. सरांनी तिची जुनी दुर्बीण हातात तोलली. "आतली स्प्रिंग थकली असेल. धक्के खाऊन होते तसं. बाहेरून काही समजत नाही." एवढं बोलून ते दुसऱ्या पोराकडे गेले. पोरगी मला मिठी मारायला आली. तिला म्हटलं, "सरक तिकडं, हातातला चहा माह्या अंगावर सांडवशील."

रविवारी तिची निवड झाली नाही. तिच्याहून चांगल्या पोरी होत्या, सरळ हिशेब आहे. पण बंदूक दिवाणाखाली गेली नाही, आज पुन्हा क्लबात गेली आहे. मी इथे बसून तुमच्याशी भांडते आहे. तुम्हाला दुसरी दुर्बीण कोण देणार होतं, हे मला कळतं. पण हात तुमचा, शेंदूर तुमचा, रीत तुमची, आणि त्या ताटात जी एकच वस्तू विलायतेची होती ती दुर्बीण सोडून तुम्ही स्वतःला खड्यासारखं निवडून बाहेर टाकलं. एकदा तरी म्हणायचं होतं, मालक, काच खराब आहे. तुम्ही म्हणाले असते तर मी आणखी दहा वेळा पळाले असते.

ती रायफल कुठे गेली कोणाला माहीत. आता कोणी काही तपासू शकत नाही. काल नातीला त्या रायफलीचं आणि तांदळाचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे पणजोबांचा डोळा चांगलाच होता. दुर्बीणच खराब." मी हो म्हटलं.

हे पत्र घडी करून पेचकसाच्या डब्यात ठेवते आहे. तांदूळ मांडीवर होते, डोळ्यापासून हातभर, आणि निशाणाचा कागद खदानीच्या पार त्या टोकाला; जवळचं दिसलं म्हणजे लांबचं दिसतंच असं नाही, हे मी तिला सांगितलं नाही.