खालचं वेल्डिंग, वरची रेघ

भाऊजी,

गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. मी कामावर निघालेय. चहा थर्मासमध्ये आहे, जेवण झाकून ठेवलंय.

काल तुम्ही यूपीएस बसवलात आणि माझ्या जिवात जीव आला. खालच्या वेल्डरने काम सुरू केलं की वर बाबांच्या हृदयाच्या मॉनिटरवरची ठोक्यांची रेघ वेडीवाकडी व्हायची, मशीन कोकलायचं आणि मी हातातलं टाकून धावायचे. आज खाली ठिणग्या उडत होत्या आणि रेघ शहाण्यासारखी चालली होती. आभार मानले तर रागवाल, म्हणून मानत नाही.

एकदाच घोळ झाला. वीज गेली तर दाढी अर्धवट राहू नये म्हणून बाबांनी दाढीचं मशीन त्याच यूपीएसला लावलं आणि रेघ पुन्हा नाचायला लागली. बाहेरून येणारा गोंधळ तो अडवतो, पण आपणच आत आणून बसवला तर तो बिचारा काय करणार? बाबांना हे तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत.

आणि दुपारच्या गाडीने जाऊ नका. तुमचे दादा काल तुमच्याशी चकार शब्द बोलले नाहीत, ते मी पाहिलं. पण आज कामावर जाताना जिन्यात वेल्डरने त्यांना विचारलं, काम सुरू करू का, वर त्रास होईल का. मी दारातच होते. म्हणाले, "कर खुशाल. आमच्या धाकट्याने बंदोबस्त केलाय."

संध्याकाळी लवकर येतो म्हणालेत. कशाला, ते मी विचारलं नाही.

वहिनी