पॅकिंग गळत नव्हतं

अप्पा, तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज पहिल्यांदा मी तुम्हाला काही लिहिते आहे. मायेनं लिहीत नाही, हे आधीच सांगते. तुमच्या फोटोला हार घालायला तुमचा मुलगा लातूरला आहे, ते काम त्याचं. मी इकडे देगलूरला, नवऱ्याच्या माघारी चालवलेल्या पंप-इंजिनाच्या दुकानात बाकावर बसले आहे. समोर साडेतीनशे सीसीची एक जुनी फटफटी उभी आहे, इंजिन नव्यानं बांधलेली. तिच्याखाली पुठ्ठा अंथरलाय आणि पुठ्ठ्यावर सकाळचे चार काळे ठिपके आहेत. दुसऱ्या कशानं तुम्ही मला आठवत नाही, ठिपक्यांनी आठवता.

लातूर नवा जिल्हा झाला त्यानंतरचा तो उन्हाळा. गावात रोज नव्या कचेरीची पाटी लागत होती आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. आई भांडी राखेनं घासून नुसती फडक्यानं पुसायची. दुष्काळी कामावर खडी फोडणं चालू होतं, तिची धूळ उंबऱ्यावर, भाकरीवर, तुमच्या कपाळावरच्या विभूतीवर. तुम्ही त्या धुळीचा धसका घेतला होता. एक कण आत गेला तर पिस्टनच्या रिंगा खाऊन टाकतो, असं म्हणायचात, आणि इंजिन उघडलं की त्याच्या भोकाभोकात आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे बोळे कोंबायचात. बोळा राहिला तर चालेल, धूळ नको, असं चाललं होतं तुमचं.

मी तेव्हा वीस वर्षांची. दुकान घराच्या पुढच्या खोलीत, पण पॅकिंग मी कापायची स्वयंपाकघरात, कारण तिथं वारा कमी. इंजिनाचं कव्हर चुलीशेजारी पालथं ठेवायचं, त्यावर जाड कागद धरायचा आणि कडेकडेनं छोट्या हातोडीनं ठोकत जायचं, म्हणजे कागद बरोबर कडेवर कापला जातो. दोन लोखंडांच्या मधे तो कागद बसला की ऑइल आतच राहतं. आई म्हणायची, "भाकरी थापाया सांगितली तर हात दुखतेत, अन् हे दिवसभर ठोकाया लागली." तुम्ही कधी वाहवा केली नाही. पण लातुरात पॅकिंग कापणारे तीन कारागीर असताना एकाकडेही तुम्ही कागद पाठवला नाहीत, तीच मी वाहवा समजत होते. नव्या जिल्ह्यात आयटीआयला मुलींनाही मेकॅनिकच्या वर्गात घेतात असं कळलं तेव्हा मी फॉर्म आणला. सगळा भरला होता, फक्त तुमची सही राहिली होती. "ही डाळमिलवाल्याची गाडी होऊ दे, मंग बघू," असं तुम्ही म्हणालात. मी तो होकार धरला.

गाडी झाली, मालक घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. "मिस्त्री, परवाच इंजिन नवं करून दिलं, अन् कलेक्टर कचेरीच्या फरशीवर माझ्या गाडीचं ऑइल? लोक हसाया लागले की." तुम्ही गाडी रॉकेलनं पुसून कोरडी केलीत, तिच्यावर खडूची पूड उधळलीत आणि मालकांनाच औशाच्या नाक्यापर्यंत चक्कर मारून यायला सांगितलंत. हे तुमचंच शिक्षण. "ठिपका पडतो तिथं गळत नसतंय. वाऱ्यानं ऑइल मागं येतं, खाली येतं. वर बघ, पूड कुठं भिजली ते बघ." गाडी परत येते, आपण दोघं उकिडवे बसून बघतो. पूड एका जागी भिजलेली नाही. टॅपेटच्या झाकणापाशी थोडी, टायमिंग कव्हरला थोडी, खाली सिलिंडरच्या बुडाशी थोडी. मला तेव्हाच कळलं. एक पॅकिंग फाटेल, दोन फाटतील, सगळी एकाच दिवशी कशी फाटतील? मी म्हणाले, "अप्पा, सगळीकडूनच याया लागलंय. आतून दाब हाय. हवा बाहेर निघायची नळी बघा की."

तुम्ही उठलात. मालकांकडे बघून हसलात, ते हसणं मी अजून विसरलेले नाही. "पोरीच्या हाताचं पॅकिंग हाय मालक, गळणारच." आणि मला म्हणालात, "तू मला शिकवाया लागली का? जा, आत जा." मी आत गेले. मालक म्हणाले, "जाऊ द्या मिस्त्री, पोरीबाळींचं काम न्हाई हे." तुम्ही "हाव" म्हणालात. भिंतीपलीकडे मी ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी ज्वारी पाखडत होते. अंगणात तुम्ही एकटेच गाडीपाशी होतात. तुम्ही सीटखालची ती नळी काढलीत, पकड आत घातलीत आणि आईच्या हिरव्या लुगड्याचा बोळा ओढून काढलात. तुम्हीच कोंबलेला, तुम्हीच विसरलेला. इंजिनाला श्वासच नव्हता, म्हणून ते सगळ्या फटींतून धापा टाकत होतं. बोळा तुम्ही खिशात घातलात. इकडेतिकडे बघितलंत, पण खिडकीकडे बघितलं नाहीत. गाडीचं एकही पॅकिंग तुम्ही बदललं नाहीत आणि ती गळायची थांबली.

मी दिवसभर वाट बघितली. आता सांगतील, जेवताना सांगतील, फॉर्मवर सही करताना सांगतील. संध्याकाळी तुम्ही बाजारातून मला तोंडाला लावायच्या पावडरची डबी आणलीत. जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी काही आणलंत. आईला कौतुक वाटलं. मी डबी हातात घेतली आणि मला कळलं की सही होणार नाही. महिन्याभरात हे देगलूरचं स्थळ आलं. डबी मी इकडे आणली, कधी तोंडाला लावली नाही. नवऱ्यानं पहिल्यांदा इंजिनाला हात लावू दिला तेव्हा त्या इंजिनावर सगळी उधळली. वास चांगला होता.

तुम्ही भित्रे होतात, अप्पा. कारागीर मोठे, माणूस भित्रा. एका गिऱ्हाइकापुढं 'चुकलं' म्हणायला तुमची जीभ रेटली नाही आणि त्यापायी माझं अख्खं शिक्षण गेलं. तुमच्या शेवटच्या आजारात मी आठ दिवस उशाशी होते. तेव्हाही वाट बघत होते.

आता आजचं. ही गाडी राज्याच्या सीमेपलीकडच्या एका मास्तरची, त्याच्या वडिलांची आठवण. इंजिन मी बांधलं, पॅकिंग सुनेनं कापली. सहा महिने झाले, ती शिकते आहे. हात चांगला आहे तिचा, माझ्यापेक्षा हलका. आठवडाभर उभी असलेली गाडी न्यायला मास्तर सकाळी आला. मी आधी तिच्यात ऑइल टाकलं, मग त्यानं ती चालू करून बघितली, आणि खाली हे ठिपके पडले. मी ठिपक्याच्या बरोबर वर बघितलं, कव्हर दिसलं, आणि तोंडातून निघून गेलं, "नव्या हाताचं पॅकिंग हाय मास्तर, गळणारच." सून हात पुसत आत गेली. मास्तर गावातलं काम उरकून येतो म्हणून गेला.

मग मी गाडी पुसली, पूड टाकली, चालवून आणली. कव्हरभोवतीची पूड पांढरी शुभ्र, कोरडी ठाक. भिजलं होतं ते हवेच्या नळीचं तोंड. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल हळूहळू खाली इंजिनात उतरतं आणि टाकीत बुडवायच्या मापाच्या पट्टीवर कमी दिसतं. आधी इंजिन थोडं चालवायचं, मग पट्टी बघायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी गार इंजिनाची पट्टी बघितली आणि अर्धा लिटर जास्त ओतलं. ते जास्तीचं नळीतून बाहेर आलं, एवढंच. मी ते काढून घेतलं. ठिपके थांबले.

दुपारी मास्तरचा फोन आला. "अम्मा, कुठून गळत होतं?" सून तेव्हा चहाचा कप ठेवायला बाहेर आली होती. मी म्हणाले, "पॅकिंग बदललं. आता गळणार न्हाई." तिनं गाडीकडे बघितलं. कव्हरवरची पूड तशीच होती, नट हललेले नव्हते. ती कप ठेवून आत गेली.

हा कागद कुठं टाकायचा नाही, तुमचा पत्ताही नाही. आत जाऊन तिला सांगायचं होतं. तेवढा धीर यावा म्हणून तुमच्यावरचा राग काढत बसले. चार पानं भरली, चहा गार झाला, आणि मी अजून उठलेले नाही.