शिबिराहून आलेला रेवणप्पा

माकणी,
१२ मार्च १९८३

प्रिय पार्वतम्मा,

सासूनं सुनेला लिहिलेलं पत्र आपल्यात कुणी पाहिलं नसेल. अक्षर वेडंवाकडं आहे. दूध सोसायटीच्या बायकांच्या वर्गात तुझ्याच शेजारी बसून शिकलेलं. मनगट आता वळतंय का?

सोसायटीनं तुझ्या नावावर गाय दिली तेव्हा मला वाटलं, आता रेवणप्पा तुझ्यावर हात उचलणार नाही. कमावत्या बाईला कोण मारतं? खरं तर बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडून घर चालवलं, तरी तुझा सासरा मारायचाच. हे ठाऊक असून मी आशा धरली. गाय आल्यावर तो जास्तच मारायला लागला. दूध घालून यायला उशीर का झाला, तिथं कुणाशी बोललीस. त्यानं तुझा हात पिरगाळला त्या दिवशी मी चुलीपाशी होते. भाकरी थापत राहिले. तू माझ्याकडं बघितलंस, ते मला दिसलं होतं.

तू परंड्याला माहेरी गेलीस आणि मागं सोसायटीनं नवऱ्यांसाठी तीन दिवसांचं शिबिर घेतलं. शिकवायला उस्मानाबादहून एक बाई आल्या होत्या. रेवणप्पा रोज गेला. शेवटच्या दिवशी आम्हा बायकांनाही बोलावलं. तो सगळ्यांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "म्या चुकलो. बायको बी माणूसच हाय." डोळ्यांत पाणी होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी आल्यावर मी म्हणाले, "गाय तिच्याच नावावर ऱ्हाऊ दे, बाबा." त्यानं मला भिंतीवर ढकललं. मग पाणी प्याला आणि शांतपणे म्हणाला, "ती आल्याबिगर गाय इकता येत न्हाय. सही तिची लागती."

पुढच्या सोमवारी तो तुला न्यायला येतोय. संगती शिबिराच्या बाई आणि सोसायटीच्या चेअरमन शांतम्मा असतील. तो हात जोडेल, शिबिरातलंच बोलेल. मी शांतम्माला सगळं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "माणूस बदलतो, मावशी. थोडा येळ द्या." शांतम्मा वाईट नाहीत, त्यांना ते खरं वाटतंय. तुझा भाऊही लगेच पाठवायला निघेल. तिथं तुला ठेवणार नाहीत, मग तू कुठं जाशील, मला खरंच सुचत नाही. तरी येऊ नकोस.

आता तरी तुझीच,
गंगम्मा