अर्ध्या ओठाचं हसू

प्रिय चिऊ,

फोनवर तू 'कशी आहेस' विचारतेस, मी 'मजेत' म्हणते आणि आपलं बोलणं तिथंच संपतं. म्हणून आज लिहायला बसले.

तुझ्या बाबांचा राहिलेला बाहुल्यांचा सिनेमा मी पुरा करायला घेतलाय. शेवटचाच प्रसंग उरला होता: म्हातारा घड्याळजी बंद पडलेलं घड्याळ चालू करतो आणि हसतो. बाहुला जरासा हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा जरासा हलवायचा, एवढं मला जमतं. इतकी वर्षं बाबांच्या शेजारी उगाच दिवे धरले नाहीत. पण चेहरे ते स्वतः मातीचे घडवायचे, आणि माझा हात त्यात आडमुठा. मग थ्रीडी प्रिंटर घेतला. हसण्याच्या प्रत्येक टप्प्याचा वेगळा चेहरा छापायचा, मागे लोहचुंबक लावलं, की बाहुल्याच्या डोक्यावर टक्कन बसतो. मशीन दिवसभर घरघरत असतं. खरं सांगू, घरात कुणीतरी आहे असं वाटतं. परवा मी त्याला चहा विचारला. हसू नकोस.

आणि मग मी माती खाल्ली. कॉम्प्युटरवर अर्धाच चेहरा घडवला, उरलेला अर्धा आरशातल्यासारखा उलटा करून जोडला. सगळे तसंच करतात, वेळ वाचतो. चेहरे छापले, घासले, रंगवले, अख्खा प्रसंग चित्रित केला. काल चालवून पाहिला, तर घड्याळजी दोन्हीकडून सारखा हसला, गिऱ्हाईक आल्यावर दुकानदार हसतो तसा. बाबा आरशासमोर बसून स्वतः हसायचे आणि तेच मातीत उतरवायचे, आठवतं ना? त्यांच्या ओठाचा डावा कोपरा आधी वर जायचा, उजवा मागून, कुणीतरी ओढून आणल्यासारखा. मी खूप रडले. ते गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते, घरात पाहुणे होते.

त्यांचे हसतानाचे फोटो शोधले. घरातले सगळे फोटो त्यांनीच काढलेले, त्यामुळे ते कशातच नाहीत.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल. तसं हसणारं माणूस एकच उरलंय. शेजारच्या काकू म्हणायच्या, पोरीनं बापाचं तोंड उसनं आणलंय. ते गेल्यापासून तू या घरात पाऊल टाकलं नाहीस. त्यांची रिकामी खुर्ची बघवत नाही म्हणतेस. मलाही बघवत नाही गं, पण मी कुठं जाऊ? चेहऱ्याभोवती फिरवायचा स्कॅनर आणून ठेवलाय. व्हिडिओवरूनही थोडंफार जमतं म्हणे, पण तो पाठवू नकोस. ये. त्यांच्या आरशासमोर बस. मी काहीतरी वेडेपणा करीन, तू हस. आणि नाहीच आलं हसू, तरी ये.

तुझीच, मशीनशी बोलणारी,
आई