चुकेल त्याचं दुकान

प्रिय अक्का,

तुम्हाला जाऊन वर्षही झालं नाही, आणि आज माझ्या टेबलावर एक पत्रिका येऊन पडली. आपल्या केशवापूरच्या शाळेतले हेडसर निवृत्त झाले, परवा त्यांचा सत्कार. खाली छापलंय काय, तर ‘खेळातून भाषा या उपक्रमाचे जनक’! अंगाचा नुसता तिळपापड झाला, म्हणून लिहायला बसले. आणि गंमत ऐका, माजी विद्यार्थिनी म्हणून भाषणाला बोलावलंय मलाच.

जनक म्हणे! चौथीच्या वर्गात मधोमध खडूची रेघ कोणी ओढली होती? आमच्या बाई म्हणून तुम्हीच ना! अलीकडे मराठी, पलीकडे कन्नड. पलीकडे भाजीचं दुकान, आम्ही घरून आणलेली वांगी, मिरच्या. रेघ ओलांडली की ‘बदनीकाई कोडरी’, म्हणजे वांगी द्या, असं कन्नडमध्ये म्हणायचं, तरच वांगं मिळायचं. मी घाबरून ‘वांगी कोडरी’ म्हणाले आणि वर्ग खो खो हसला. मला वाटलं, आता बाहेर काढणार. तुम्ही हात धरून मला दुकानात बसवलंत.

"चुकेल त्याचं दुकान गं! दहा गिऱ्हाइकांचं ऐकलंस की येईल आपोआप."

आलंच की!

आणि हेच हेडसर दारात उभं राहून ओरडले होते, "बाई, हा वर्ग आहे की दुर्गदबैलचा बाजार?" बुटानं रेघ पुसली, वांगी खिडकीबाहेर फेकली. तेव्हा का नाही भांडलात हो तुम्ही?

मग तपासणीला साहेब यायचे ठरले, तशी तीच रेघ सरांनी स्वतः ओढली. आदल्या दिवशी आम्हाला पढवलं, "कोणी शिकवलं विचारलं तर माझं नाव सांगायचं." खेळात एक मुलगी चुकली, तर तिला म्हणाले, "चुकलीस, बाहेर हो!" नियमसुद्धा ठाऊक नव्हता मेल्याला!

साहेबांनी नेमकं मला विचारलं. मी म्हणाले, "हेडसरांनी."

तुम्ही फळ्यापाशी उभ्या होतात. माझ्याकडे बघून हसलात. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं, अक्का! सरांना शाबासकी मिळाली. तुम्ही हंगामी, पुढच्या जूनमध्ये तुम्हाला घेतलंच नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "जाऊ दे गं, म्हातारं माणूस." नाही जाऊ देणार! धारवाडच्या कोर्टात रोज खोट्या साक्षीदारांची उलटतपासणी घेते मी. पण पहिली खोटी साक्ष माझीच होती, हे कुणाला सांगू?

परवा सगळ्यांना सांगणार आहे. हार, शाल सगळं होऊ दे. मग मी व्यासपीठावर खडूची रेघ ओढेन, टोपलीभर वांगी मांडेन आणि सरांना एकच विचारेन, "सर, तुमच्या खेळात चुकेल त्याचं काय व्हायचं?" बघा, ते ‘बाहेर’च म्हणतील. समोर आपली चौथी बसलेली असेल. आजच एकेकाला फोन करून बोलावलंय मी. खरं उत्तर त्यांच्यातल्या कुणाला ठाऊक नाही?

सगळ्यांचं ‘त्याचं दुकान!’ ओरडून झालं, की त्या दिवशी साहेबांना मी काय सांगितलं तेही माईकवर बोलेन, माझ्या नावानिशी. शब्द देते. चुकले होते मी, अक्का. तुमच्याच नियमानं परवा दुकान माझं.

तुमची,
‘वांगी कोडरी’वाली शुभा