बाबांची तळटीप

६ जानेवारी, सोमवार

प्रबंध तपासणीला गेला. आता ते सॉफ्टवेअर त्यातली ओळन् ओळ आधीच्या छापील मजकुराशी ताडून पाहणार. पाहू दे. तिसऱ्या प्रकरणाची तर काळजीच नाही. ते पुस्तकातलं नाही, बाबांच्या तोंडचं आहे!

सासऱ्यांची मुलाखत घेऊन पीएच.डी. करणारी मी पहिलीच असेन, असं आशय म्हणतो. नवऱ्याला माझ्या प्रबंधाबद्दल एवढंच म्हणायचं असतं.

संध्याकाळी बाबा आले. हातात चहाचा कप.

"कितव्या पानावर आहे मी?"

"एकशे बाराव्या. तळटिपेत."

"म्हणजे कुठे?"

"पानाच्या खाली. बारीक अक्षरात."

"खाली! उभी हयात रेल्वेत काढली, आणि घरच्या सुनेने मला जनरल डब्यात बसवलं!"

आई वालपापडी सोलत होत्या. म्हणाल्या, "तिकीट मिळालं हे काय कमी आहे?"

९ जानेवारी, गुरुवार

बाबांनी शेजारच्या नयनाबेनना सांगून टाकलं — "मारुं नाम चोपडीमां छपाशे!" त्या म्हणाल्या, "तो पेंडा खवडावो, काका!" बाबा लगेच स्कूटर काढून फतेगंजला गेले. आमच्या छाणीत पेढे मिळत नाहीत असं त्यांचं मत आहे.

नाव छापून यायच्या आधीच निम्मी सोसायटी तोंड गोड करून बसली.

११ जानेवारी, शनिवार

रसिका मॅडमचा फोन. आवाज थंड. माझ्या मार्गदर्शक आहेत, त्यांचा थंड आवाज मी ओळखते.

एकूण प्रबंध ठीक आहे. तिसऱ्या प्रकरणातली अडीच पानं मात्र लाल. सलग. जुळतात ती एका स्मरणिकेशी — इथल्याच रेल्वे कॉलनीतल्या मराठी मंडळाची, १९७१ सालची. कुणीतरी जुने अंक स्कॅन करून इंटरनेटवर चढवलेत. लेखिका : कु. कौशल्या दामोदर.

मी म्हटलं, "माझ्याकडे मुलाखतीचं रेकॉर्डिंग आहे, मॅडम."

"मालविका, नुसता संदर्भ द्यायचा राहिला असता तर म्हटलं असतं, दे. पण तू हे मौखिक साधन म्हणून दिलंयस. तुझा निवेदक छापील लेख म्हणतोय, आणि तू त्याला आठवण म्हणतेयस. समितीपुढे मी काय सांगू?"

सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी सुधारलेलं प्रकरण हवं. नाहीतर वाङ्मयचौर्याचा शेरा.

१२ जानेवारी, रविवार

स्मरणिका वाचली. दोनदा.

तीच हकीकत. क्वार्टर्सची ओळ, दोन घरांत एक भिंत. महाराष्ट्रातून नव्या आलेल्या बायका, गुजराती कुणालाच धड येत नाही. एकटीने दाराबाहेर पडायचं धैर्य नाही. मग भिंतीवर पळी वाजवायची. एकदा — भाजीवाली आली. दोनदा — नळाला पाणी आलं. तीनदा — पाहुणे आलेत, साखर द्या. एका दुपारी कुणीतरी थांबेचना, वाजवतच राहिली. सगळ्या धावल्या. तर ती एकटी बसून रडत होती, आणि रडण्याचा आकडा ठरलेला नव्हता.

आणि ते वाक्य — "लोक म्हणतात भिंतीला कान असतात. आमच्या भिंतीला — जीभ होती."

शब्द न् शब्द. बाबा "जीभ" म्हणण्याआधी थांबतात, तिथे छापात चक्क एक रेघ आहे.

या वाक्याखाली मी प्रबंधात लिहिलंय : "असे वाक्य लेखणीतून उतरणे अशक्य. ते बोलण्यातच जन्मते." अशक्य! दोन परिच्छेद लिहिलेत त्यावर. पुढे "पुरुषाच्या स्मृतीतील स्वयंपाकघर" असंही एक उपशीर्षक आहे. ते वाचून आज कान तापले.

१३ जानेवारी, सोमवार

लेखातला काळ एकसष्ट-बासष्टचा. बाबा रेल्वेत लागले सत्तर साली. त्याआधी जळगाव. म्हणजे ती पळी वाजत होती तेव्हा ते तिकडे शाळेत होते.

मुलाखतीच्या वेळी साल विचारायला हवं होतं. एम.ए.च्या पोरांना मी हेच शिकवते — साल विचारा. घरच्या माणसाला कोण साल विचारतं!

खात्री करायला घरात दुसरं कुणी नाही. आईंचं माहेर दाहोदचं.

१४ जानेवारी, मंगळवार. उत्तरायण

गच्चीवर अख्खी सोसायटी. आशयचे मकरपुऱ्याच्या कारखान्यातले मित्र, त्यांच्या बायका. उंधियो, जिलबी, कर्कश गाणी. पतंग कापला की "काप्यो छे!" ओरडून सगळ्यांचे घसे बसले.

जेवताना बाबांनी भिंतीची गोष्ट काढली. पाण्याच्या टाकीवर चमचा वाजवून. एक ठोका, दोन, तीन. मग थांबेचनात. लहान मुलंही पतंग सोडून आली. शेवटी आशयच्या कारखान्यातल्या कौसरभाईंची बायको डोळे पुसत होती. मराठी तिला कळत नाही.

काय सांगतात! मीसुद्धा ऐकत राहिले. सगळं माहीत असून.

आज विचारणार होते. नाही विचारलं.

१६ जानेवारी, गुरुवार

विचारलं.

फोनवर ते पान काढून दिलं. बाबांनी चष्मा लावला. वाचताना ओठ हलत होते — फोनवर नजर नसतानाही.

"माझंच आहे हे."

"बाबा, वर दुसरं नाव आहे."

"असेल." मग मलाच विचारावं तसं — "इतकी वर्षं सांगतोय मी, आणि माझं नाही?"

खोटं बोलणारा माणूस असं विचारत नाही.

मग त्यांनी ते नाव दोन बोटांनी मोठं केलं. अजून मोठं केलं. स्क्रीनभर नुसतं "कौशल्या". फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"माझं नाव काढ. तिचं घाल."

जेवायला आले नाहीत. आई ताट घेऊन आत गेल्या.

रात्री आशय म्हणाला, "तू बाबांना चोर म्हणालीस?"

"एका शब्दाने नाही!"

"शब्दाने नाही गं. स्क्रीनशॉटने."

१७ जानेवारी, शुक्रवार

नयनाबेननी जिन्यात पुस्तकाची चौकशी केली, "काका, चोपडी क्यारे?" बाबा म्हणाले, "नाम कपायुं." पतंग कापला गेल्यासारखं. हसून म्हणाले. मला ते हसणं सोसलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळपासून एक तळटीप लिहितेय.

कौशल्या दामोदर यांना श्रेय देणं अवघड नाही. दामोदर वडिलांचं नाव असणार, आडनाव छापलेलं नाही. मंडळाच्या हल्लीच्या सेक्रेटरींना फोन केला. त्यांना मंडळ १९७१मध्ये होतं हीच बातमी. संदर्भसूचीत सगळे आडनावाने लागलेत, ही एकटी नावाने "क"खाली. बसू दे.

अवघड आहे ते बाबांचं. त्यांना पूर्ण काढलं तर अडीच पानं मी त्यांच्या तोंडून ऐकली, हे लपवल्यासारखं. ठेवलं तर लिहावं लागतं : "निवेदकाने हा मजकूर स्वतःची आठवण म्हणून सांगितला."

लिहिलं. खरं आहे. एकही शब्द जादा नाही. मॅडमना चालेल, समितीला चालेल.

पण हे छापून घरात येणार. बाबा एकशे बारावं पान काढणार. वर्गात मी सांगते — संदर्भ देणं म्हणजे माणसाला मान देणं. आणि माझ्या प्रबंधात मी सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला, ज्याने लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक लेखाची झेरॉक्स स्वतः जाऊन काढून आणली, कायमचा लबाड ठरवणार. बारीक अक्षरात.

पुसलं. परत लिहिलं. अख्खं प्रकरणच काढावं का? पदवी एक वर्ष पुढे जाईल. जाऊ दे म्हणवत नाही. जाऊ नये म्हणूनही हे वाक्य ठेववत नाही.

१९ जानेवारी, रविवार

आईंनी विचारलं, "त्या बाईला कुठल्या अक्षराखाली घातलंस?"

"क. आडनावच नाहीये."

"'प' मध्ये घाल. पेंडसे."

पेंडसे आईंचं माहेर.

"कौशल्याची लता मी या घरात येऊन झाले. लग्नात ह्यांच्या आईने नाव बदललं. दाहोदला आमच्या अप्पांची बदली नंतर झाली, आधी आम्ही त्या क्वार्टर्समध्येच होतो."

"आई! मी चार दुपारी रेकॉर्डिंग करत होते. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू त्यांना विचारत होतीस."

मग फोडणीत जिरं टाकत म्हणाल्या, "हे मला बघायला आले ना, तेव्हा स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, काही विचारलं नाही. समोर बसून माझा तो अख्खा लेख तोंडपाठ म्हणून दाखवला. माझ्यापेक्षा छान! त्यावर मी हो म्हटलं."