रांगेतलं दूध

भीमनगर, ता. पाटोदा
१२ मार्च १९८७

चि. उत्पला हीस केशरआत्याचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

आमी सगळे ठीक हाव, तू कॉलेजात नीट जेवतीस का ते कळीव. तुझा बाप म्हणतो, पोरगी वाळली. म्या म्हणलं, औरंगाबादचं पाणीच तसं आसंल. हितं तर वाळायलाबी पाणी न्हाई. टँकर तिसऱ्या दिशी येतो, मोठ्या गल्लीत रिकामा होतो अन् आपल्याकडं निसता पाईप ठिबकवीत येतो.

लिहायला कारण दुसरंच हाय. दूध सोसायटीच्या बंकट सेक्रेटरीनं आज तिसऱ्यांदा माझी किटली माघारी दिली. पाणी बघायची डिग्री लावली न्हाई, मशिनीवर फॅट काढलं न्हाई. झाकण उघडलं, नाक मुरडलं अन् म्हणाला, नासलंय. म्या म्हणलं, नासलं आसंल तर चार माणसांम्होरं मशिनीवर घाल. तर म्हणतो कसा, तुमच्या वस्तीचं दूध नासतंच, तुमच्या हाताचाच गुण हाय. वस्तीची आमची चार घरं, सगळ्या गावाचं माप झालं की मंग आमाला बोलावतो. शेजारची मनकर्णा तर म्हणती, गाय इकावी अन् गप बसावं. म्या गप बसणारी न्हाई. सरकारनं गाय दिली ती शिंगं मोजून दिली, हात बघून न्हाई.

तू इतकी वर्सं शिकलीस. आमचं दूध खरंच नासतं का, अन् नासतं तर कावून, ते मला समजंल आसं लिही.

तुझ्यावर जीव टाकणारी,
केशरआत्या

·

औरंगाबाद
२० मार्च १९८७

ती. आत्यास उत्पलाचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मेसमध्ये वाचलं आणि ताटातली भाकरी तशीच राहिली. तू विचारलंस म्हणून सांगते, दूध हातामुळे नासत नाही. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात आणि त्यांच्या अंगात एन्झाइम असतात. आमच्या मराठी पुस्तकात त्याला विकर म्हणतात. विकर म्हणजे काम उरकणारा. आपल्याकडचा ऊसतोडीचा कोयता बघ. ऊस तुटतो, कोयता मात्र तसाच राहतो आणि पुढच्या उसाला लागतो. विकराचंही तसंच. जे काम आपोआप व्हायला वर्षं लागली असती ते तो डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो, आणि स्वतः खर्ची पडत नाही. फक्त प्रत्येकाचं काम ठरलेलं. त्याच्या अंगाला एक खोबण असते, तिच्यात जो पदार्थ बसेल त्याच्यावरच तो चालतो.

आता गंमत ऐक. पूर्वी ज्याला जो विकर सापडला त्याने वाटेल ते नाव ठेवलं, सगळा गोंधळ. मग जगभरच्या शास्त्रज्ञांनी बसून ठरवलं की वर्ग पाडायचे ते कामावरून. सहा वर्ग केले. एकाकडून हायड्रोजन काढून दुसऱ्याला देणारे पहिले. आख्खा तुकडा उचलून दुसरीकडे जोडणारे दुसरे. पाणी घालून तोडणारे तिसरे, आपल्या पोटातले पचवणारे बहुतेक त्यातलेच. पाण्याशिवाय तोडणारे चौथे, आतल्या आत मांडणी बदलणारे पाचवे, आणि जोर लावून दोन जोडणारे सहावे. तो विकर गायीच्या पोटातला की जंतूच्या अंगातला, हे वर्ग पाडताना कुणी विचारत नाही. वर्गात हे ऐकलं त्या दिवशी मला बंकटचा बाप आठवला होता. शाळेत मास्तर होता तेव्हा तो मला नावाआधी आडनाव विचारायचा.

तुझ्या कामाचा तो पहिला वर्ग. दुधात निळं औषध घातलं की जंतूंचे विकर त्या निळ्याला हायड्रोजन देतात आणि निळं पांढरं होतं. जंतू जास्त, तर लवकर पांढरं. चांगलं दूध पाच-पाच तास निळं राहतं. सरांना विचारून मी दहा नळ्या, औषधाची बाटली, बिनसुईची सिरिंज आणि थर्मामीटर पाठवते आहे. पाटोदा गाडीचे कंडक्टर गहिनीनाथमामा आणून देतील. नळीत खुणेपर्यंत दूध, त्यात सिरिंजने एक माप औषध, बूच लावून एकदा उलटं करायचं आणि पातेल्यातल्या कोमट पाण्यात उभं ठेवायचं. पाणी सदतीसच्या खुणेवर राहू दे. मग घड्याळ बघायचं. आधी घरी करून बघ.

तुझी आठवण काढत जेवणारी,
उत्पला

·

भीमनगर
२ एप्रिल १९८७

चि. उत्पला हीस आशीर्वाद.

सामान पोचलं. एक नळी फुटली, ती गहिनीनाथाच्या माथी मारू नको, रस्त्याच्या माथी मार.

सोसायटीतून माघारी आलेल्या दुधाची नळी केली. त्रिंबक गुरुजी, शाळेचे हेडमास्तर, घड्याळ घेऊन बसले. बाई गं, पंचवीस मिन्टांत पांढरं फेक! म्या पदर तोंडाला लावला. वाटलं, बंकट खरा अन् आमीच खोटे. दोन दिस तुला लिहायचं धाडस झालं न्हाई.

मंग तिसऱ्या दिशी डोस्क्यात आलं. गायीच्या सडातून थेट नळीत धरलं, अन् त्याच दुधाची किटली घेऊन सोसायटीत गेलते. दोन तास उनात हुबी केली मला. आल्यावर त्यातलं दुसऱ्या नळीत घातलं. घरची नळी दुपारचं जेवान झालं तरी निळीच. किटलीची अर्ध्या तासात पांढरी. गाय तीच, धार काढणारे हात तेच! नासवतं कोण, तर ती रांग. आमाला शेवटाला उभं करतो अन् आमच्याच हाताला नाव ठेवतो.

किटलीबी आंबूस वास मारती, खोटं का बोलू. दोन तांबे पाण्यात चार किटल्या धुतो आमी.

आता मी सोसायटीतच नळ्या मांडणार. तुझा बाप म्हणतो, नळ्या खेळू नको, दुष्काळाच्या चारा-छावणीत गाववाले आपली गाय ठिवतील का. म्या म्हणलं, ठिवत्यात का न्हाई ते बघू.

तुझी हट्टी,
केशरआत्या

·

औरंगाबाद
८ एप्रिल १९८७

ती. आत्यास जयभीम. वि. वि.

तू दोन नळ्या केल्यास ना, तसं करायला आमच्या वर्गातल्या निम्म्यांना सुचलं नसतं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, तुझ्या आत्याला प्रॅक्टिकलला पाठव, तू घरी बस.

किटली धुवायला पाणी नाही, तर तांब्याभर पाण्याला चांगली उकळी आण, किटलीत ओत, झाकण लावून हलव आणि तेच पुढच्या किटलीत घे. उकळत्या पाण्याने बहुतेक जंतू मरतात. त्यांच्या विकरांची घडी मोडते, खोबणीचा आकार बिघडतो, मग पदार्थ तिच्यात बसतच नाही.

सोसायटीत नळ्यांवर नावं घालू नकोस, आकडे घाल. कोणता आकडा कुणाचा ते गुरुजींच्या खिशात राहू दे. दूध प्रत्येकाचं आल्याबरोबर घ्यायचं. वीस तारखेला माझी परीक्षा आहे, नाहीतर आलेच असते. मला काळजी वाटते, पण थांब म्हणवत नाही.

तुझी,
उत्पला

·

भीमनगर
२७ एप्रिल १९८७

चि. उत्पला हीस जयभीम अन् लई लई आशीर्वाद. पेपर कसा गेला?

परवा नळ्या मांडल्या. आठ. चेअरमन आबासाहेब सोता आले. आधी म्हणाले, हा काय पोरखेळ. गुरुजी म्हणाले, पोरखेळ आसंल तर भ्यायचं कावून? मंग बसले खुर्चीवर. बंकटनं चार बाया, चार गडी असं सगळ्यांचं दूध आल्या-आल्या घेऊ दिलं, आबासाहेब बघत व्हते म्हणून.

पयली पांढरी झाली पाच नंबरची, वीस मिन्टांत. दुसरी दोन नंबरची. दोन नंबर आपल्या मनकर्णाची. गुरुजींनी चिठ्ठी वाचली तवा ती रडाया लागली. म्या उठून सांगितलं, आमचं हाय, आमी माघारी नेतो, किटली उकळून उद्या आणतो. तिची किटली म्याच उचलली. मंग पाच नंबर वाचला. आबासाहेबांच्याच घरचं निघालं! सांजचं दूध सकाळच्यात मिसळून आणलं व्हतं गड्यानं. माझी नळी दुपारी एकलाबी निळी व्हती.

बंकट म्हणाला, औषधच शिकवून पाठवलंय. आबासाहेबांनी चप्पल घातली अन् गेले. त्यांच्या घरचं दूध त्या दिशी घेतलंच, माझंबी घेतलं. वाटलं, मिटलं.

मिटलं न्हाई. काल सकाळी बंकट परत म्हणाला, वस्तीवाल्यांनी मागं थांबा. म्या सगळ्यांच्या आधी गेलते, तांबडं फुटायच्या टायमाला. दारातच हुबी व्हते. म्या म्हणलं, मागं झालं की तू नासवतोस अन् मंग वास घेतोस. पयली आली, पयली मापून घीन. तो म्हणाला, तर मापच बंद. अन् खरंच काटा उचलून आत ठेवला. वस्तीच्या आमी चौघी हाल्लो न्हाई. मागं मोठ्या गल्लीतल्या बाया जमल्या, आंतर धरून, घोळका करून. त्यांचंबी दूध उनात. मला वाटलं, आता ह्या आमच्यावरच उठणार.

तेवढ्यात जोशाळ्याच्या मळ्यातली दगडाबाई आली. सहा जनावरांची मालकीण, आजवर माझ्याशी येक शबूद बोलली न्हाई. तिनं घोळक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मनकर्णाच्या मागं येऊन हुबी राहिली, किटली भुईवर टेकवली अन् बंकटला म्हणाली, काटा आण बे, ऊन चढतंय.

मंग घोळक्यातली आणिक येक आली. मंग दुसरी. बंकटनं काटा आणला.

माझं माप पयलं झालं.

तुला रोज आठवणारी, अन् आता रोज पयली जाणारी,
केशरआत्या